आवडीला कप्पा कशाला हवा?

मालिकांचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तू नक्की कसल्या मालिका बघतेस?" मी खरं ते सांगते. खुनाच्या, विनोदी, भुताखेतांच्या, अंतराळातल्या, इस्पितळातल्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या कौटुंबिकसुद्धा. समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे तुला काहीही चालतं."

मला काहीही चालत नाही. ओढूनताणून रचलेलं रहस्य मी विसाव्या मिनिटाला बंद करते. पात्रांना मूर्ख बनवून हशा वसूल करणारी मालिका दोन भागांपलीकडे सोसत नाही. मी निवड करते, आणि चांगली कडक करते. फक्त ती एका प्रकारातली चांगली मालिका आणि त्याच प्रकारातली वाईट मालिका यांच्यात करते. रहस्य वरचं आणि कौटुंबिक खालचं, अशी उतरंड लावत नाही. इतकी वर्षं बघून माझं ठाम मत झालंय की, वेगवेगळ्या प्रकारच्या मालिका मनापासून बघणाऱ्याची आवड कच्ची असते हे खोटं आहे. टीव्ही नीट बघायला शिकण्याचा याहून चांगला रस्ता मला तरी सापडलेला नाही. हा रस्ता हल्ली अरुंद होत चाललाय. पुरस्कार देणारे, समीक्षा लिहिणारे, मालिका दाखवणारी ॲप्स आणि आपण प्रेक्षक, सगळ्यांचाच त्यात हात आहे.

जॉनर म्हणजे काय, इथून सुरुवात करू. माझ्या लेखी जॉनर म्हणजे मालिकेने प्रेक्षकाला दिलेला शब्द. खुनाची मालिका शब्द देते की शेवटपर्यंत थांब, खुनी कळेल. सिटकॉम, म्हणजे त्याच त्या माणसांची छोट्या भागांची विनोदी मालिका, सांगते की इथे भांडणं होतील, पण वीस-बावीस मिनिटांत सगळे पुन्हा त्याच सोफ्यावर बसलेले असतील. रोज चालणारी कौटुंबिक मालिका सांगते की हे घर उद्याही इथेच आहे. हे शब्द कुठे लिहून दिलेले नसतात. बघून बघूनच ते अंगी मुरतात. आणि ज्याच्या अंगी असे दहा शब्द मुरलेत, त्याला एखादा शब्द मुद्दाम मोडला गेला की लगेच कळतं. पहिला धक्का तिथे बसतो, आणि आनंदही तिथेच असतो.

'कोलंबो'चं उदाहरण घ्या. पीटर फॉक या नटाची ही मालिका १९७१ साली नियमित सुरू झाली. तिच्यात खून पहिल्या काही मिनिटांत आपल्या डोळ्यांसमोर होतो, खुनी कोण ते आपल्याला ठाऊक असतं. रहस्यकथेचा सगळ्यात मोठा शब्द मालिका आरंभीच मोडते आणि तरी आपल्याला दीड तास खिळवून ठेवते. कशाच्या जोरावर? चुरगळलेला रेनकोट घातलेला एक अजागळ दिसणारा पोलीस, समोर बंगल्यात राहणारा गर्विष्ठ माणूस, आणि दारापर्यंत जाऊन "अजून एकच विचारायचं राहिलं" म्हणत परत फिरणं. ही सगळी विनोदी नाटकाची हत्यारं आहेत. ज्याने विनोदी मालिका कधी मन लावून बघितल्या नाहीत, त्याला 'कोलंबो'चा अर्धा रस कळणार नाही असं मला वाटतं.

पण शब्द मोडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात अवघड काम 'बफी द व्हँपायर स्लेअर' या मालिकेत आहे. नावावरूनच अनेकांनी तिला बाजूला टाकलं, कारण रक्तपिशाच्चांना मारत सुटलेली शाळकरी मुलगी कोण बघणार! २००१च्या फेब्रुवारीत तिचा 'द बॉडी' नावाचा भाग लागला. मुलगी घरी येते, आईला हाक मारते. आई सोफ्यावर डोळे उघडे ठेवून पडलेली असते. तिला कुणी मारलेलं नाही, कुठलं पिशाच्च आलेलं नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटून ती गेलीय. त्या पूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. दारावरची वाऱ्याने किणकिणणारी घंटा, बाहेर खेळणाऱ्या मुलांचा आवाज, एवढंच. त्याआधी चार वर्षं ही मालिका आपल्याला सांगत आलेली असते की संकट कितीही मोठं असलं तरी त्याला तोंड आहे, त्याच्या छातीत खुंटी मारता येते. आणि आता समोर एक मरण आहे ज्याला मारता येत नाही. त्या मुलीच्या हातातली सगळी ताकद एका मिनिटात निरुपयोगी होते.

हाच प्रसंग एखाद्या गंभीर कौटुंबिक मालिकेत असता तर मी रडले असते, यात शंका नाही. पण असा हादरा बसला नसता. तो हादरा पिशाच्चांच्या चार वर्षांनी कमावलेला आहे. "मी हॉरर बघत नाही" असं म्हणणाऱ्याला टीव्हीवरचं शोकाचं इतकं खरं चित्रण भेटतच नाही, आणि आपलं काय हुकलंय हे त्याला कधी कळतही नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते.

'मॅश'ची गोष्ट याच्या उलटी आहे. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं ती चालली, म्हणजे ज्या कोरियन युद्धावर ती बेतली होती त्याच्या तिप्पटीहून अधिक काळ. आघाडीजवळच्या लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांची ही विनोदी मालिका. विनोदी म्हटल्यावर मागून ध्वनिमुद्रित हसू ऐकू आलंच पाहिजे, असा वाहिनीचा आग्रह होता. मालिकेच्या कर्त्यांना ते मुळीच नको होतं. शेवटी तडजोड अशी झाली की हसू वाजेल, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत वाजणार नाही. (ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हसण्याशिवायच दाखवली, आणि तशी पाहिली तर ती जणू वेगळीच मालिका वाटते.)

आता या तडजोडीने काय झालं ते बघा. तंबूत, जेवणाच्या रांगेत, अधिकाऱ्याच्या टेबलापाशी हशा पिकतोय. शस्त्रक्रियेच्या खोलीत पात्रं तितक्याच चटपटीत कोट्या करतायत, पण मागे कुणी हसत नाही. बघता बघता आपला कान शिकतो की ही खोली वेगळी आहे. मग मार्च १९७५मध्ये तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग येतो. सगळ्यांचा लाडका, जरा भोळसट अधिकारी हेन्री ब्लेक लष्करातून मोकळा होऊन घरी निघतो. निरोप समारंभ होतो, चेष्टामस्करी होते, तो हेलिकॉप्टरमधून उडतो. आणि शेवटच्या दृश्यात त्याचा तरुण कारकून हातात तार घेऊन शस्त्रक्रियेच्या खोलीत येतो, तोंडावर मास्कही न लावता, आणि वाचून दाखवतो की हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. कुठेतरी एक उपकरण खाली पडल्याचा आवाज येतो. डॉक्टर पुन्हा टाके घालू लागतात, कारण टेबलावरचा माणूस अजून जिवंत आहे.

ती बातमी नेमकी त्या बिनहशाच्या खोलीत येते. रागावलेल्या प्रेक्षकांची पत्रं आली. विनोदी मालिकेत असं करतात का, असा त्यांचा सवाल होता. त्यांचा राग मला समजतो. त्यांना दिलेला शब्द मोडला गेला होता. पण युद्ध माणसांशी नेमकं हेच करतं, आणि ते सांगायला हसवणारी मालिकाच लागली. युद्धावरच्या गंभीर मालिकेत माणूस मेला तर आपण आधीपासून मनाची तयारी करून बसलेलो असतो.

पडद्यामागची माणसंही या कप्प्यांत कधी राहिलेली नाहीत. कार्ल फ्रॉइंड या छायाचित्रकाराने १९२७चा 'मेट्रोपोलिस' चित्रित करण्यात मोठा वाटा उचलला आणि १९३१चा 'ड्रॅक्युला' टिपला. अंधार आणि सावल्या यांचा तो उस्ताद. हाच माणूस १९५१मध्ये 'आय लव्ह लूसी' या घरगुती विनोदी मालिकेच्या सेटवर उभा राहिला. प्रेक्षक समोर बसलेले, तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालू. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी थांबून दिवे बदलायची सोय नाही. तिन्ही कॅमेऱ्यांना एकदम चालेल अशी सपाट, एकसारखी प्रकाशयोजना त्याने बसवली, आणि पुढच्या कित्येक दशकांच्या सिटकॉमनी तीच घडी उचलली. आयुष्यभर सावली ओळखली म्हणूनच त्याला ती घालवता आली, असं मला वाटतं. त्या मालिकेची नायिका ल्युसिल बॉल. १९६६ साली ती स्वतः ज्या कंपनीची प्रमुख होती त्या डेसिलूने 'स्टार ट्रेक' काढली. त्याच वर्षी त्याच कंपनीची 'मिशन : इम्पॉसिबल'ही आली. म्हणजे भयपटाचा छायाचित्रकार विनोदी मालिका घडवतो, आणि त्या विनोदी मालिकेच्या जिवावर उभी राहिलेली कंपनी विज्ञानकथेला जन्म देते. अलीकडचं हवं असेल तर 'चेर्नोबिल' आहे. २०१९ची ही पाच भागांची अंगावर येणारी मालिका ज्या क्रेग मेझिनने लिहिली, त्याने त्याआधी 'स्केरी मूव्ही' आणि 'हँगओव्हर' या विनोदी चित्रपटांचे दोन-दोन भाग लिहिण्यात हात लावला होता. आणि 'ब्रेकिंग बॅड' या गुन्हेगारी मालिकेच्या नायकासाठी ब्रायन क्रॅन्स्टनचं नाव आलं तेव्हा वाहिनीवाल्यांना तो एका विनोदी मालिकेतला बापच आठवत होता. मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन याने त्यांना 'द एक्स-फाइल्स'मधला क्रॅन्स्टनचा एक जुना भाग दाखवला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. करणारे एवढ्या सहज इकडून तिकडे जातात, मग बघणाऱ्यांनीच एका खोलीत का बसून राहायचं?

उतरंड लावणाऱ्यांबद्दल मला जरा तिखट बोलायचंय. 'सोप' हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. १९३०च्या दशकात अमेरिकन रेडिओवर दुपारच्या मालिका साबणवाल्या कंपन्या पुरस्कृत करत, तेव्हापासून हे नाव चिकटलं. घरकाम करणाऱ्या बायका ऐकतात, म्हणून ते हलकं, हा त्यातला न बोललेला भाग. पण एका भागात अनेक कथानकं चालवायची, एकही पुरतं संपवायचं नाही, पात्राला वर्षानुवर्षं म्हातारं होऊ द्यायचं, ही कला त्या दुपारच्या मालिकांनी घडवली. 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ला टीव्हीवर आली आणि २००९ला संपली. बहात्तर वर्षं! १९८१मध्ये 'हिल स्ट्रीट ब्लूज'ने हीच वीण पोलीस ठाण्यात नेली आणि पहिल्याच सीझनला आठ एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळवले. तेव्हापासून पुरुष, पिस्तूल आणि काळोखी गल्ली आली की त्याच तंत्राला आपण 'कादंबरीसारखी मांडणी' म्हणून मान देतो. तेच तंत्र स्वयंपाकघरात दिसलं की नाक मुरडतो.

पुरस्कारांचं गणित तर याहून विचित्र. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' या तुरुंगातल्या स्त्रियांच्या मालिकेत उझो अडूबा एकच भूमिका करत होती. २०१४ला त्या भूमिकेसाठी तिला विनोदी मालिकांच्या गटात एमी मिळाला. पुढच्या वर्षी नियम आला की अर्ध्या तासाची ती विनोदी, तासाची ती गंभीर. मालिका नाट्य गटात ढकलली गेली, आणि त्याच भूमिकेसाठी तिला तिथेही एमी मिळाला. या अभिनेत्रीचा मला फार आदर आहे. तिने मुळात ते पात्र असं उभं केलं की कुठलाही कप्पा त्याला पुरला नाही. पण घड्याळ लावून हसू आणि रडू वेगळं करणारा नियम पहिल्याच वर्षी तिच्यापुढे उघडा पडला, हे कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं.

हलका मानलेला प्रकार कधीकधी जे बोलू शकतो ते 'भारदस्त' प्रकाराला बोलता येत नाही, हेही विसरू नये. रॉड सर्लिंग हा १९५०च्या दशकातला नावाजलेला नाट्यलेखक. १९५५मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि गोरे आरोपी सुटले. त्या घटनेवरून सर्लिंगने टीव्हीसाठी नाटक लिहिलं. जाहिरातदारांच्या धास्तीने ते इतकं बदलायला लावलं की गोष्ट दक्षिणेतून उचलून ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडात गेली आणि मारला जाणारा माणूस कुणीतरी परका झाला. १९५९ला तो 'द ट्वायलाइट झोन' घेऊन आला. परग्रहवासी, भविष्यकाळ, चमत्कार. त्यातल्या एका भागात एका गल्लीतले दिवे जातात आणि शेजारी शेजाऱ्यावर संशय घेऊ लागतात की परग्रहवासी यांच्यातलाच कुणीतरी आहे. रात्र संपायच्या आत ते एकमेकांच्या जिवावर उठतात. परग्रहवासी लांब टेकडीवर उभे राहून फक्त दिवे चालू-बंद करत असतात. या गोष्टीला कुणी अडवलं नाही, कारण ती 'नुसती' विज्ञानकथा होती.

आता ॲप्सबद्दल. गेल्या वर्षी आजारपणात मी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते, आणि त्या दिवसांत फक्त खुनाच्या मालिका बघितल्या. डोकं गुंतून राहतं, मन हळवं होत नाही, म्हणून. बरी झाल्यावर एका संध्याकाळी हसावंसं वाटलं. ॲप उघडलं तर ओळीमागून ओळ काळोखी जंगलं, पाठमोऱ्या बायका, तळ्याकाठचं धुकं. त्यात माझ्या ओळखीची एक विनोदी मालिकाही होती, पण तिच्या चौकटीवर जे चित्र होतं त्यात नायिका घाबरून दाराकडे बघत होती. पूर्ण मालिकेत असा क्षण एखादाच असेल. मी भाचीचा फोन मागून घेतला. तिच्याकडे त्याच मालिकेच्या चौकटीत दोन मैत्रिणी पोट धरून हसत होत्या. मला दाखवण्यासाठी त्या हसऱ्या मालिकेतला एकमेव भेदरलेला चेहरा शोधून काढला गेला होता. मी बराच वेळ ते दोन फोन शेजारी शेजारी धरून बसले.

यात कुणाचा दुष्टावा नाही, हे मला कळतं. आधी काय बघितलं त्यावरून पुढचं सुचवायचं, हा हिशेब आहे, आणि तो बसवायला भरपूर बुद्धी खर्च झालीय. नेटफ्लिक्सने २००६ साली अंदाजाची अचूकता दहा टक्क्यांनी वाढवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि २००९ला ते दिलंही. २०१४मध्ये एका पत्रकाराने त्यांच्या यादीतले सूक्ष्म प्रकार मोजले तर ते ७६,८९७ भरले. एवढे कप्पे असले तर उलट विविधता वाढायला हवी, असं वाटेल. पण कप्पा जितका बारीक, तितकी त्यातली माणसं एकमेकांसारखी. आणि कालच्या मला जे आवडलं त्यावरून उद्याच्या मला ओळखणारं यंत्र एकच गोष्ट कधी देऊ शकत नाही : मला आवडेल हे मलाच ठाऊक नसलेलं काहीतरी.

"मग शोधून बघ ना, अडवलंय कुणी?" असं मला म्हणतात. शोधायला आधी नाव माहीत असावं लागतं. मला अंतराळातल्या मालिकांचा नाद लागला तो एक विनोदी मालिका संपल्यावर टीव्ही बंद करायचा राहिला म्हणून. पुढचा कार्यक्रम आपोआप सुरू झाला, मी अर्धवट लक्ष देऊन बसले होते, आणि पंधरा मिनिटांनी मी जमिनीवर टीव्हीच्या जवळ सरकले होते. जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही. मोजक्या वाहिन्या होत्या आणि जाहिरातदार नाटकं कापत होते, ते वर सांगितलंच. पण वेळापत्रकाला माझी ओळख नव्हती, आणि त्यामुळे त्याने मला अनोळखी दारांतून आत ढकललं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. एकाच प्रकारावर जीव लावणारे जितके खोल जातात तितके सगळीकडे हिंडणारे जात नाहीत. हे खरं आहे. 'स्टार ट्रेक' दुसऱ्या सीझननंतर बंद पडणार अशी बातमी आली तेव्हा तिच्या चाहत्यांनी वाहिनीला पत्रांचा मारा केला आणि तिसरा सीझन मिळवला. तो मिळाला म्हणून ७९ भाग झाले, आणि तेवढे भाग हाताशी होते म्हणून पुनःप्रक्षेपणात ती खऱ्या अर्थाने मोठी झाली. माझ्यासारख्या सगळं बघणारीने एवढी पत्रं लिहिली असती का, माहीत नाही. त्यांचं ऋण मी मानते. पण त्यांनी जी मालिका वाचवली ती मुळात जन्माला आली ती सिटकॉमच्या कमाईवर. खोल जाणारे आणि हिंडणारे, दोघांचीही टीव्हीला गरज आहे. आजच्या यंत्रांना फक्त पहिले ओळखता येतात, आणि दुसऱ्यांनाही ती पहिल्यांसारखं करून सोडतात.

त्या चाहत्यांकडून मी पत्र लिहायचं मात्र शिकलेय. मी वापरते त्या ॲपच्या ग्राहक विभागाला या महिन्यात एक पत्र पाठवलंय. त्यात तीनच मागण्या आहेत. सगळ्या मालिकांची एक साधी, अकारविल्हे यादी असावी, जी सगळ्यांना सारखीच दिसेल. मालिकेचं चित्र तिच्या कर्त्यांनी निवडलेलं असावं आणि ते माणसागणिक बदलू नये. आणि पहिल्या पानावर एक ओळ अशी असावी जिचा माझ्या आधीच्या बघण्याशी काहीही संबंध नाही, आठवड्याला कुणीतरी माणसाने बसून लावलेली, ज्यात खुनाशेजारी विनोद आणि विनोदाशेजारी पिशाच्च असेल.